बाबांची क्रीम पँट आणि काळा पट्टा: घरी चामडं रंगवतानाचे अडीच महिने

चामड्याच्या वस्तू हाताने करायला लागून मला आठ-नऊ महिने झाले होते. किल्ल्यांचे बटवे, कार्डांची पाकिटं, एका वहीचं कव्हर. सगळं बिनरंगी, चामडं जसं आलं तसं, फिकट बदामी. रंगाच्या वाटेला मी मुद्दामच गेले नव्हते. शिवण चुकली तर उसवता येते, रंग चुकला तर काय उसवणार? पण जानेवारीत बाबा म्हणाले, "अगं, सगळ्यांना एवढं करून देतेस, मला एक पट्टा कर की. काळा कर पण. हा असला पिवळा नको."

त्या 'काळा कर पण'मध्ये माझे अडीच महिने गेले. ज्यांना हे करून बघायचंय आणि धीर होत नाही, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, चुकांसकट.

६ जानेवारीला पट्टा कापला. साडेतीन मिलिमीटर जाडीचं चामडं, दोन्ही कडांना क्रीम मेणदोऱ्याची शिवण, पितळी बक्कल. हे सगळं झाल्यावर रंग. (हा क्रम लक्षात ठेवा, तो पार उलटा आहे.) काळा डाय स्पिरिटमधला होता. लोकरीचा बोळा बाटलीत बुडवला आणि थेट पट्ट्यावर टेकवला. कोरड्या चामड्याने रंग तिथल्या तिथे पिऊन टाकला आणि गोल डाग पडला. तो लपवायला दुसरा हात, दुसऱ्याचे पट्टे लपवायला तिसरा. क्रीम दोरा मळक्या वातीसारखा झाला. वाळल्यावर काळ्यावर हिरवट चमक आली, शेणमाशीच्या पाठीवर असते तशी. खरं सांगते, मला ती आवडली होती. दोन तासांनी वरून मेणाचं पॉलिश चोळलं आणि पट्टा बाबांना दिला.

तीन दिवसांनी बाबा पँट हातात घेऊन आले. "पट्टा छानच झालाय गं. फक्त हे बघ." क्रीम पँटच्या कमरेवर सगळीकडून काळी रेघ. शर्टावरही. आईने दोनदा धुतली, तेव्हा रेघेचा पट्टा झाला. "गेली पोतेऱ्याला," आई म्हणाली. ती पँट मी मागून घेतली. तिचा उपयोग पुढे येईल.

आता कळतं की ती हिरवट चमक हीच पहिली धोक्याची खूण होती. स्पिरिट रंगाला चामड्याच्या आत नेतं आणि झटकन उडून जातं. चामड्याला जेवढा पेलतो त्याहून जास्त रंग असेल, तर उरलेला पृष्ठभागावर पावडरीसारखा बसून राहतो. काळ्यात तो हिरवट-तांबूस चमकतो. वाळल्यावर तो कोरड्या फडक्याने घासून काढायचा असतो, फडकं जवळपास स्वच्छ निघेपर्यंत. मी तो घासला तर नाहीच, वर मेण चोळून जपून ठेवला.

१४ जानेवारीला एक वही केली. उरलेल्या तुकड्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला एका टोकाला भोक पाडलं, मागे बॉलपेनने क्रमांक घातला. वहीत तोच क्रमांक आणि पुढे: कुठलं चामडं, कुठला रंग, किती पातळ, किती हात, किती तास वाळवलं, वरून काय लावलं. कंटाळवाणं काम आहे. पण दहाव्या पट्टीनंतर 'तो छान तपकिरी कसा आला होता बरं' असं स्वतःलाच विचारायची वेळ येते, तेव्हा या वहीशिवाय कुणी उत्तर देत नाही.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट उघड झाली. माझ्या तुकड्यांच्या डब्यात दोन जातींचं चामडं एकत्र पडलं होतं. एक झाडांच्या साली-फळांमधल्या टॅनिनने कमावलेलं, ज्याला सगळे व्हेज-टॅन म्हणतात. दुसरं क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं. जगात आज बहुतेक चामडं क्रोमचंच असतं, कारण ते लवकर तयार होतं, मऊ राहतं. पण ते बहुधा कारखान्यातूनच रंगून आणि वरून लेप लावून येतं, त्यावर घरचा डाय नीट बसत नाही. ओळखायची साधी युक्ती: पाण्याचा एक थेंब टाका. बिनलेपाचं व्हेज-टॅन तो थेंब पितं आणि तिथे गडद होतं. लेप असलेल्यावर थेंब मण्यासारखा उभा राहतो. शिवाय कापलेली कड बघायची. क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात बऱ्याचदा निळसर करडी झाक असते.

मग रंग मागवायचा ठरवला, आणि इथे कागदपत्रं आली. २० जानेवारीला ऑर्डर दिली. दोन दिवसांत यायला हवी होती. पाचव्या दिवशी कळलं की पार्सल अडकलंय, कारण स्पिरिटचा डाय 'ज्वलनशील द्रव' या वर्गात मोडतो आणि असा माल विमानाने साध्या पार्सलसारखा जात नाही. विक्रेत्याकडून सुरक्षा माहितीपत्रक आलं की रस्त्याने पाठवू, असं सांगण्यात आलं. दोन ईमेल, एक फोन, पुन्हा एक ईमेल. बाटल्या २ फेब्रुवारीला आल्या. मध्ये ते माहितीपत्रक मलाही मिळालं, म्हणून बसून वाचलं. अशा पत्रकाचे १६ ठरलेले विभाग असतात; आपल्याला कामाचे म्हणजे धोके, प्रथमोपचार, साठवण आणि हातमोज्यांचे. ते वाचल्यावर मी गॅसची शेगडी असलेल्या खोलीत रंगकाम बंद केलं, खिडकीखाली टेबल हलवलं आणि नायट्राइलचे हातमोजे आणले. त्या आधी आठवडाभर माझी नखं काळी होती आणि लोक विनाकारण चौकशी करत होते.

तेरा दिवस वाट बघायची नसेल, तर ऑर्डर देण्याआधीच माल कोणत्या मार्गाने येणार हे विचारून घ्या. पाण्यातल्या डायला हा त्रास नाही. पाण्यातला रंग हळू मुरतो, वास कमी, चूक सुधारायला वेळ मिळतो. पण मला तो थोडा फिका वाटला आणि चामडं वाळून कडक झालं. अ‍ॅक्रिलिक रंग ही वेगळीच गोष्ट. तो आत मुरत नाही, वर थर म्हणून बसतो. फुलाच्या पाकळ्या रंगवायला उत्तम, सतत वाकणाऱ्या पट्ट्यावर नको.

फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे त्या क्रमांक घातलेल्या पट्ट्यांवर गेले. सराव तपकिरी रंगावर केला, कारण काळा सगळ्या चुका झाकतो आणि मग काही शिकायला मिळत नाही.

पट्टी क्रमांक ३ वर माझा अंगठा उमटला. शब्दशः, रेषांसकट. हाताचं तेल चामड्याने घेतलं होतं आणि तिथे रंग शिरला नाही. तेव्हापासून रंगाआधी स्पिरिटने किंचित ओल्या फडक्याने पुसून घ्यायला लागले. क्रमांक ५ वर गोंदाचा ठिपका फिकट राहिला, त्यावर उपायच नाही. गोंद रंगाआधी कुठे सांडू द्यायचा नाही एवढंच. क्रमांक ८ पोटाकडच्या भागातली होती. तिथलं चामडं सैल विणीचं, त्यामुळे तोच रंग, तेवढेच हात, पण छटा दोन घरं गडद. एकाच वस्तूचे सगळे भाग जनावराच्या एकाच भागातून कापावेत, हे पाठीचं चामडं महाग का असतं याचंही उत्तर आहे.

सगळ्यात मोठा फरक मात्र दोन गोष्टींनी पडला. एक, रंगाआधी चामडं स्पंजने हलकं, सगळीकडे सारखं दमट करायचं. टपकणारं ओलं नाही, नुसतं थंड लागेल इतकं. मग रंग धावत नाही, सावकाश शिरतो आणि बोळ्याचे डाग पडत नाहीत. दोन, रंग त्याच्याच पातळ करायच्या द्रावणाने निम्मा करून तीन-चार पातळ हात द्यायचे. बोळा लहान लहान गोलाकार फिरवत, आणि प्रत्येक हात आधीच्या आडवा. पहिला हात बघून रडू येतं, ढगाळ आभाळासारखा दिसतो. हात आखडू नका. तिसऱ्या हाताला सगळं एकजीव होतं.

आणि ओल्या रंगावर विश्वास ठेवू नका. ओलं असताना गडद, वाळल्यावर फिकट, तेल लावल्यावर पुन्हा गडद. खरी छटा तेल लावून २४ तासांनी दिसते. मी दोनदा घाईने जास्तीचा हात दिला आणि दोन्ही वेळा कॉफीचा कोळसा झाला.

१५ फेब्रुवारीला जे झालं त्याने सगळी दिशाच बदलली. आदल्या रात्री रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, त्याच टेबलावर धार लावली होती. टेबल पुसलंही होतं, असं मला वाटत होतं. सकाळी दमट केलेली कोरी पट्टी त्यावर ठेवली, चहा घेऊन आले, तर पट्टीवर निळे-काळे ठिपके. पुसले तर पसरले, साबणाने गेले नाहीत. आधी वाटलं बुरशी. मग लक्षात आलं की ठिपके बरोबर तिथेच आहेत जिथे लोखंडाचा चुरा राहिला होता. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की काळा संयुग रंग तयार होतो. जुनी लोह-टॅनिनची शाई होते ती याच क्रियेने. फिके ठिपके लिंबाच्या रसाने बरेच गेले (नंतर पाण्याने पुसून काढायचं), गडद राहिले.

मी त्या ठिपक्यांकडे बघत बसले. साबणाने जात नाही, घासून जात नाही, फडक्यावर उतरत नाही. आणि बाबांच्या पट्ट्यासाठी मला याहून वेगळं काय हवं होतं?

शोधल्यावर कळलं की हे अनेकजण मुद्दाम करतात, इंग्रजीत त्याला 'व्हिनेगारून' असं नाव आहे. कृती अगदी घरगुती. १७ फेब्रुवारीला स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता) भांड्याच्या साबणाने दोनदा धुतलं, कारण गंज चढू नये म्हणून त्याला तेल लावलेलं असतं. वाळवून, पिंजून काचेच्या बरणीत घातलं आणि वर साधं पांढरं व्हिनेगर ओतलं. झाकण सैल ठेवायचं, हे ठळक अक्षरात लिहिते. लोखंड आणि आम्ल यातून हायड्रोजन वायू निघतो. घट्ट झाकणाची बरणी फुटू शकते, आणि जवळ ज्योत तर अजिबात नको. बरणी गॅलरीत ठेवली. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "त्या बरणीत काय मेलंय?" वास येतोच. हळूहळू आंबूसपणा कमी होतो. सगळं लोखंड विरघळून जात असेल तर आणखी थोडं टाकायचं. शेवटी लोखंड उरलं पाहिजे, आम्ल नाही.

चौदा दिवसांनी, ३ मार्चला, फडक्यातून गाळलं. गढूळ, गंजाच्या रंगाचं पाणी. यातून काळा रंग निघेल असं कुणाला पटणार नाही. पट्टी क्रमांक २७ वर ब्रश फिरवला. आधी करडी, मग जांभळट करडी, आणि मी नळ बंद करून येईपर्यंत काळी. क्रमांक २८ मात्र करडीच राहिली. त्या चामड्यात टॅनिन कमी असावं. तिला आधी कडक काळ्या चहाचे दोन हात दिले, वाळवलं, मग तेच पाणी लावलं. काळी झाली. क्रोमच्या तुकड्यावर, अपेक्षेप्रमाणे, काहीच नाही. तो नुसता मळला.

८ मार्चला दुसरा पट्टा. या वेळी क्रम सरळ: कापणं, कडा तासणं, शिवणीची भोकं आरीने पाडणं, मग रंग, मग तेल, मग कडा घोटणं, मग फिनिश (रंग राखणारा वरचा लेप), आणि शिवण व बक्कल सगळ्यात शेवटी. त्या पाण्याचे दोन हात दोन्ही बाजूंना दिले, अर्धा तास थांबले. मग एक लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून त्याने पुसलं, म्हणजे उरलेलं आम्ल शमतं. फेस येतो, घाबरू नका. सोडा मात्र जास्त नको आणि फार वेळ नको, क्षारानेही चामडं खराब होतं. मग साध्या पाण्याने स्वच्छ पुसून, सावलीत, सपाट. ड्रायर नाही, ऊन नाही. दोन दिवस.

वाळलेला पट्टा कडक पुठ्ठ्यासारखा होता, मला धडकीच भरली. १० मार्चला नीट्सफूट तेलाचा एक पातळ हात दिला. गुराच्या पायांच्या हाडांपासून निघणारं हे तेल चामड्याच्या तंतूंमध्ये छान शिरतं. लगेच काही बदल दिसला नाही म्हणून दुसरा हात द्यायला गेले होते, पण वहीत क्रमांक १९ समोर मीच लिहिलं होतं: 'तेल जास्त, फिनिश सोलला.' बाटली बंद केली. दुसऱ्या दिवशी पट्टा वाकत होता, आणि जो आधी कोळशासारखा मंद होता तो आता खोल काळा दिसत होता.

कडा घोटणं हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. तासलेली कड आधी ४०० क्रमांकाच्या सँडपेपरने, मग ८०० च्या. मग बोटाने पाण्याचा किंवा ट्रॅगाकँथ डिंकाच्या पाण्याचा अगदी हलका हात, आणि खाच असलेल्या लाकडी घोटणीने भराभर घासायचं. घासण्याची ऊब आणि ओलावा मिळून तंतू खाली बसतात. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. मग अचानक घोटणीचा आवाज बदलतो, खरखर जाऊन सुळसुळ येते, आणि कड काचेसारखी लागते. शेवटी मेणाचा तुकडा फिरवून फडक्याने तापेपर्यंत घासायची. डिंक पृष्ठभागावर सांडू देऊ नका, तिथे नंतर फिनिश डागाळतो. ११ आणि १२ मार्चची संध्याकाळ यातच गेली.

फिनिशबद्दल माझं मत असं झालंय की मेण दिसायला सुंदर, पण अंगाला घासणाऱ्या वस्तूला पुरेसं नाही. घामापाण्यापासून अ‍ॅक्रिलिकचा पातळ लेप जास्त राखतो. पण तो बाटलीतून तसाच लावला तर प्लास्टिकसारखा चकाकतो आणि वाकवल्यावर भेगाळतो. माझ्या क्रमांक ३१ चे फोटो कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. निम्मं पाणी घालून, दमट स्पंजने, एका दिशेने, एकाच फेरीत. पुन्हा पुन्हा मागे गेलं की फेस होतो आणि तो बुडबुड्यांसकट वाळतो. १५ ला एक हात, १६ ला दुसरा, मग चार दिवस हात लावला नाही. हे चार दिवस मला सगळ्यात अवघड गेले.

खर्चाचं एवढंच सांगते: रंगाच्या सहा बाटल्या घेतल्या, चार अजून न उघडलेल्या आहेत, आणि ज्याने काम झालं ते स्टील वूल आणि व्हिनेगर होतं. सुरुवातीला एक तपकिरी, एक पातळ करायचं द्रावण आणि अ‍ॅक्रिलिक फिनिशची छोटी बाटली पुरते. उरलेले पैसे चामड्याच्या तुकड्यांवर घाला, कारण खरा खप त्यांचाच आहे.

२१ मार्चला शिवण घातली, क्रीम दोऱ्याचीच. दोरा क्रीमच राहिला. २२ ला परीक्षा. घासून रंग किती सुटतो हे मोजायला आयएसओ ११६४० हे मानक आहे. त्यात चामड्यावर लोकरी फेल्टचा तुकडा ठरलेल्या वजनाखाली पुढे-मागे घासतात, कोरडा, ओला आणि कृत्रिम घामाने भिजवलेलाही, आणि फेल्टवर उतरलेला रंग ठरलेल्या पट्टीशी ताडून बघतात. माझं घरगुती रूप: बाबांच्या त्या पँटच्या कोऱ्या भागाचे चौकोन. एक कोरडा, एक पाण्याने ओला, एक मिठाच्या पाण्याने. प्रत्येकी शंभर वेळा, बोटाने दाबून. पहिल्या पट्ट्यावर हीच परीक्षा घेतली तेव्हा कोरडा चौकोनसुद्धा दहाव्या फेरीत काळा झाला होता. या वेळी कोरडा स्वच्छ, ओला स्वच्छ, मिठाच्या पाण्याचा किंचित करडा. तिथे फिनिशचा आणखी एक हात दिला, दोन दिवस थांबले, पुन्हा घासलं. स्वच्छ.

तिन्ही चौकोन वहीत टाचले आणि २५ मार्चला पट्टा बाबांना दिला. त्यांनी तो वाकवून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला, मग वही उघडून चौकोन निरखले. "हे कापड ओळखीचं वाटतंय."

"तुमचीच पँट आहे, बाबा."

पट्टा ते रोज लावतात. गडद पँटवरच. "पट्ट्यावर भरवसा आहे गं," परवा म्हणाले, "पण क्रीम आता एकच उरलीय."